सोवळ्यातली क्लचप्लेट

गुरुवार, २३ जुलै १९८७. जळगाव

ही डायरी खताच्या दुकानातून फुकट आलेली. जानेवारीपासून कोरी पडून होती, वाया जात होती. आजची गोष्ट हिशेबाच्या वहीत बसण्यासारखी नाही म्हणून इथे लिहिते. देवा, हात चालता ठेव आणि खोटं लिहू देऊ नको.

सोनगीरहून अक्कांचं कार्ड आलं. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, नर्मदाबाई. तीन वर्षांत पहिलंच कार्ड. लिहितात: "दोन ऑगस्टला, रविवारी, कानबाई बसतील. दरवर्षीप्रमाणे तुमच्या दोघांच्या नावाचे गहू मोजून काढले आहेत. तीन वर्षं तुमच्या वाटणीचे रोट ह्यांनी एकट्याने खाल्ले. यंदा ह्यांचे समोरचे दात पडले. तरी आपण न आल्यास मी काय करावे ते उलट टपाली कळवणे."

आमच्या घरात कानबाई देवीचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, बाहेरच्याला देत नाहीत आणि पुनवेच्या आत संपवावेच लागतात. ज्याच्या नावाचे गहू, त्याने खायचे. तीन वर्षांमागे आम्ही आमचे रोट ताटात तसेच टाकून आलो. त्याच साली हे शाळेतून रिटायर झाले, त्यांनी सावद्याच्या केळीवाल्याची जुनी व्हॅन घेतली आणि ती चालवायला नानांनीच शिकवलं. नाना म्हणजे माझे जेठ, अक्कांचे यजमान, अभिमन नाना. तीस वर्षं धुळ्याला एस.टी.च्या वर्कशॉपात होते. त्या पंगतीत सगळ्या भाऊबंदांसमोर नाना बोलले, "गुरुजी गाडी चालावस नही, क्लचवर पाय ठेवीसन झोपस." पंगत हसली. हे ताटावरून उठले, मलाही उठवलं आणि गाडी काढली. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही.

मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते अजून कळलेलं नाही. ह्यांचा पाय क्लचवरून हलत नाही हे खरं, पण ती सावधगिरी आहे. शाळेत ह्यांचा हात छडीवरूनही हलत नसे.

ह्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाले, "जायचं. ज्या गाडीने निघून आलो त्याच गाडीने जायचं." अंगणात गेले, गाडी सुरू केली. इंजिन केवढ्यानं ओरडलं! गाडी मात्र जागची हलली नाही.

शुक्रवार, २४ जुलै

सायकल दुकानवाले चुडामणभाऊ बघून गेले. म्हणाले, "गुरुजी, क्लचप्लेट संपली. पार कागद झालाय तिचा. पाय ठेवून ठेवून जाते."

हे म्हणाले, "वयोमानाने जाते."

"बरं, वयोमानाने. गॅरेजात टाका."

पण गॅरेजात टाकता येत नाही. जळगावातला एकूण एक मेकॅनिक नानांच्या हाताखाली शिकलेला. गाडीची क्लचप्लेट गेली हे आज इथे कळलं की उद्या दूधवाल्याच्या आधी सोनगीरला कळणार. मी म्हटलं, "एस.टी.ने जाऊ, मी दशम्या बांधते." ह्यांनी मोठ्या पेटीतून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, मोटारदुरुस्तीचं, आणि चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचायला बसले. पहिल्या पानावर वाफेच्या इंजिनाचा इतिहास आहे.

नऊ दिवस आहेत.

शनिवार, २५ जुलै

दिव्यांची अवस. अमावस्येला नवं काम धरायचं नाही असं मी सांगितलं. ह्यांनी ऐकलं, कारण पुस्तक अजून वाफेतच आहे. घरातले कंदील, समया घासल्या. कंदिलांच्या तळाशी उरलेलं रॉकेल टाकलं नाही. ह्यांना नटबोल्ट धुवायला होईल.

सोमवार, २७ जुलै

पहिला श्रावणी सोमवार. मला उपास. ह्यांनाही घडला, कारण सकाळपासून गाडीखाली आहेत आणि बाहेर फक्त पाय दिसतात. गाडी विटांवर चढवली आहे. पाऊस नाही हे शेतकऱ्यांचं वाईट, पण आमचं अंगण कोरडं राहिलं. देव कुणाच्या अंगणाचं आधी ऐकतो, कळत नाही.

दुपारी चारला गिअरबॉक्स खाली आला. खाली आला म्हणजे पडला. चुडामणभाऊंनी झेलायचा ठरला होता, पण ते त्याच वेळी शिंकले. खाली टाकलेल्या बाजेची एक पाटी तुटली. ह्यांचा अंगठा वाचला. पिंडीवर बेल वाहताना मी अंगठ्याचं नाव घेतलं.

आतून जुनी प्लेट निघाली. जाळीदार भाकरीसारखी. ह्यांनी ती उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाले, "ही नानाला दाखवायची नाही."

निघालेले बोल्ट हरवू नयेत म्हणून ह्यांनी शाळेची पद्धत काढली. प्रत्येकाला जुन्या विद्यार्थ्याचं नाव दिलं आणि हजेरीपटच आखला. मोठे सहा, वर्गाच्या क्रमाने: छगन, भटू, चिंधा, रतिलाल, आधार, देवचंद. संध्याकाळी डब्यासमोर बसून हजेरी घेतली. "भटू?" म्हणायचे आणि डब्यातून भटू उचलून "हजर" असं स्वतःच म्हणायचे. चुडामणभाऊ उठून गेले.

मंगळवार, २८ जुलै

नवी प्लेट भुसावळहून आली. चुडामणभाऊंनी स्वतः जाऊन आणली. दुकानात गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर "मृताच्या वारसांची" असं सांगून आले. मला ते आवडलं नाही. ह्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

हे रोज पुस्तकातला धडा मराठीत उतरवतात आणि मला वाचायला देतात. मी मॅट्रिक आहे, समजतं. आजच्या धड्यात स्वच्छ लिहिलं आहे: "सदर तबकडीस तेलकट हस्तस्पर्श सर्वथा वर्ज्य. तीस स्वच्छ, कोरड्या व उच्च स्थानी ठेवावे."

म्हटलं, एवढंच ना! हे तर सोवळं झालं. माझा जन्म त्यात गेला. अंगणात सगळं काळं झालेलं, स्वयंपाकघरात फोडणी उडते. घरात स्वच्छ, कोरडी आणि उंच अशी एकच जागा. देव्हाऱ्याच्या वरच्या पायरीवर पाटाची फळी टाकली, धुतलेलं फडकं अंथरलं आणि प्लेट ठेवली. हे हात लावायला आले, मी म्हटलं, "आंघोळ?"

"अगं, मला मापं घ्यायची आहेत."

"आंघोळ करून घ्या."

दिवसात चार वेळा आंघोळ झाली ह्यांची. नियम पुस्तकाचाच.

प्लेट दिसायला चांगली आहे. गोल, मधे दातेरी भोक, भोवती चार स्प्रिंगा. चार दिशांना चार. कुणी काढलं असेल हे?

गुरुवार, ३० जुलै

नागपंचमी. आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, खणायचं नाही, जमिनीत लोखंड घालायचं नाही. हे सकाळीच पाना घेऊन निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"पाना जमिनीत कुठे घालतोय? गाडीत घालतोय."

"गाडीखाली आडवे पडता, ढोपरं मातीत रुततात. खाली नागोबा असला तर?"

"सिमेंट आहे तिथे!"

"मग सिमेंटखाली असेल."

दिवस गेला. ह्यांनी दिवसभर हजेरीपटाला लाल शाईने रेघा मारल्या. मला मनातून वाईट वाटलं. तीनच दिवस राहिले. पण नियम सोडून कानबाईकडे कोणत्या तोंडाने जायचं?

दुपारी द्रौपदाबाई आत्या आल्या, ह्यांच्या आत्या, रविवारी त्याही आमच्यासोबत यायच्या आहेत. ऐंशी वर्षांच्या, एस.टी.ची पायरी चढवत नाही. नानांना आणि ह्यांना दोघांनाही त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलं. देव्हाऱ्यात प्लेट बघून त्यांनी आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, "कुंदे, हाऊ कोन देव शे?" मी सांगितलं, गाडीतला. त्या म्हणाल्या, "गाडीमा बी रास का देव?" आणि पुन्हा नमस्कार केला.

आत्या माणूस कामाच्या. आमच्या देव्हाऱ्याचा मागचा पाय वर्षभर डुगडुगत होता. आत्यांनी अंगणातून कुठून तरी लोखंडाचा बरोबर मापाचा तुकडा आणून खाली सरकवला. आता देव्हारा जागचा हलत नाही.

शुक्रवार, ३१ जुलै

चिंधा गैरहजर.

हजेरीत पाचच निघाले. सारं अंगण चाळलं, रॉकेलचा डबा गाळला, कोंबडीच्या खुराड्यात हात घातला. हे म्हणाले, "चिंधा वर्गातही असाच होता. शुक्रवारी हमखास पळायचा." मी देवापुढे बसून नवस बोलले की चिंधा सापडला तर पाच सवाष्णी जेवू घालीन. देव्हारा कसा घट्ट झाला आहे, डोकं टेकवायलाही बरं वाटतं. पण चिंधा काही सापडला नाही. शेवटी चुडामणभाऊंनी त्याच मापाचा बोल्ट दिला. ह्यांनी त्याचं नाव पटावर घेतलं नाही. "बदली" एवढंच लिहिलं.

उद्या प्लेट बसवायची. आज जिवतीचा शुक्रवार, पुरण घातलं होतं. संध्याकाळी दिवा लावला आणि प्लेटकडे पाहिलं. तीन दिवस देवांच्या वर बसलेली, आत्यांचा नमस्कार घेतलेली, उद्या काळोखात जाणार ती कायमची. रविवारी आम्ही नऊ माणसं जाणार, सगळा भार तिच्यावर. आणि तिला एक घास नाही? वास्तूला आपण नैवेद्य देतो, विहिरीला देतो. मन मानेना.

तेलाला बंदी आहे हे मला पाठ आहे. धडा काढून पुन्हा वाचला. तेल लिहिलं आहे. तूप कुठेही लिहिलेलं नाही.

घरचं साजूक तूप आहे, माहेरच्या म्हशीचं. एरवी मी ते पळीच्या टोकाने मोजते. आज म्हटलं, इथे हात आखडायचा नाही. वाटी कोमट केली आणि दोन्ही बाजूंनी, बोटाने, गोल गोल, सगळीकडे पुरेल असं लावलं. देवा, खोटं लिहीत नाही, बघता बघता तिने सगळं तूप पिऊन टाकलं. वर थेंब दिसेना. नैवेद्य मान्य झाला. माझ्या अंगावर काटा आला.

वरून कोरड्या फडक्याने पुसून, फडक्यातच बांधून ठेवली.

शनिवार, १ ऑगस्ट

प्लेट बसली!

ह्यांनी आंघोळ केली, मी फडक्यातून प्लेट त्यांच्या हाती दिली. "कोरडी आहे ना?" "तीन दिवस माझ्या देव्हाऱ्यात होती," मी म्हटलं. प्लेट बरोबर मध्यावर यावी म्हणून भोकातून एक गोल दांडी घालावी लागते, असं पुस्तकात आहे. तशी खास दांडी मिळते म्हणे. ह्यांनी छडी घालून पाहिली, बारीक झाली. मुसळ आत जाईना. माझं पुऱ्यांचं लाटणं लोण्यात सुरी जावी तसं गेलं. हे गाडीखालून ओरडले, "कुंदा, लाटणं पास!" लग्नाला एकतीस वर्षं झाली. ह्यांच्या तोंडून पास हा शब्द मी स्वतःसाठी ऐकला नव्हता, लाटण्यासाठी तरी ऐकला.

छगन, भटू, बदली, रतिलाल, आधार, देवचंद आवळले. गिअरबॉक्स चढवायला चुलत घरचे चौघे आले. शेवटी दोन बारके बोल्ट आणि एक वायसर उरले. ह्यांनी पटावर "पुनर्परीक्षा" लिहून खिशात टाकले.

गाडी गल्लीत पुढे गेली, मागे आली. ह्यांचा चेहरा मी बघतच राहिले. गाल वर आले होते. मग म्हणाले, "नानाला सांगायचं नाही हं काही. त्याने नुसतं चालताना बघावी."

सोमवार, ३ ऑगस्ट. सोनगीर

कालचं आज लिहिते.

आठला निघालो. आम्ही दोघं, आत्या आणि चुलत घरचे सहा. एरंडोलपर्यंत गाडी अशी मऊ चालली की चुलत जाऊ म्हणाली, "भाऊजी, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं." ह्यांनी पाय क्लचवर नीट ठेवलेला, कुठे दुर्लक्ष नाही.

पारोळ्याजवळ वास सुरू झाला. मला वाटलं रस्त्यावर कुणाकडे लग्न आहे. श्रावणात कुठलं लग्न? दोन कोस गेलो तरी वास सोबतच. आत्या जाग्या झाल्या. "कुंदे, गाडीमा कोन शिरा करी ऱ्हायनं?"

शिऱ्याचाच वास. रवा नुकता लालसर झाल्यावर येतो तसा. सगळ्यांना कडकडून भूक लागली. दशम्या निघाल्या, त्या वासावर चटणीसुद्धा लागली नाही. मी हात जोडले. प्लेटने तूप ठेवून घेतलं होतं. आता ते गाडीभर वाटत होती.

धुळं गेलं. गाडीचं इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र सावकाश. हे म्हणाले, "वारा समोरचा आहे." पाठीवर सदरा ओला झाला होता. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला, त्याच्या अलीकडे चढ आहे. त्या चढावर गाडी जागेवरच गरजू लागली. खालून पांढरा धूर निघाला आणि वास इतका दाट की चढावरच्या टपरीतली माणसं चहा सोडून आली. एकाने चपला काढल्या. "कोणत्या देवाची गाडी?" आत्या खिडकीतून म्हणाल्या, "कानबाईनी." झालं! एका बाईने बंपरला हळदकुंकू लावलं. टपरीवाल्याने पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. दोघेजण टपरीतल्या बश्या घेऊन प्रसाद कुठे मिळतो विचारू लागले. हे स्टिअरिंगला धरून समोर बघत बसले होते, किल्ल्याकडे. मी म्हटलं, "उतरा, ढकलू." म्हणाले, "तू जा सगळ्यांना घेऊन. नानाने ही गाडी अशी पाहिलेली मला चालणार नाही."

पण नानांनी पाहिलीच. नाना दुपारपासून फाट्यावर बसून होते. अक्कांनी मागून सांगितलं: गाडी दिसायच्या आधी, नुसता आवाज ऐकून नाना उठले, "क्लच गया" म्हणाले, आणि शेजारची बैलजोडी सोडून घेतली.

तर नाना बैल घेऊन चढावर आले. तोंड बोळकं झालेलं, पण मान तशीच. ह्यांच्याकडे बघितलं नाही, ह्यांनीही नाही. नानांनी गाडीला साखळी बांधली आणि म्हणाले, "बठ्ठा उतरा. गुरुजीले बसू द्या, ते गाडी चालाई ऱ्हायनात." पुढे बैल, मागे आम्ही आणि टपरीतली माणसं, त्यातले काही भजन म्हणणारे. अशी आमची गाडी तीन वर्षांनी सोनगिरात शिरली. बायका दाराबाहेर येऊन नमस्कार करत होत्या.

कानबाई बसायला तास होता. अक्का चौरंग सजवत होत्या आणि ओट्यावरून ओरडत होत्या, "अहो, आंघोळीची वेळ शे आणि काय गाडीखाल जातस?" नाना गेलेच. त्यांना लाटणं लागलं नाही, पुस्तक लागलं नाही. पोराच्या अंगातला सदरा काढावा तसा गिअरबॉक्स उतरवला. मग प्लेट हातात घेऊन बाहेर आले, नाकाशी धरली. पुन्हा धरली. एक बोट फिरवून जिभेला लावलं.

"साजूक," नाना म्हणाले.



"लीलाधर, हाई प्लेटले कोनी हात लावा?"

ह्यांनी प्लेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ ह्यांनी माझ्याकडे मांडवातसुद्धा पाहिलं नसेल. मी पुढे होऊन सांगणारच होते की नाना, तेलाचा हात कुणाचाच लागलेला नाही, मी स्वतः तीन दिवस पहारा दिला. तेवढ्यात हे म्हणाले, "मन्हाच हात लाग्ना. दशमी खाता खाता बसाडी. चूक मन्ही."

हे अहिराणीत बोलले. शाळेला लागल्यापासून ह्यांनी ती सोडलेली; मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

नाना हसायला लागले. बोळक्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ओ नर्मदा! ऐकं का? गुरुजीनी चूक कबूल करी! साठ वरीसमा पहिली!" मग हसू थांबलं. प्लेट उलटसुलट करत जमिनीकडे बघून म्हणाले, "बठ्ठास्नासमोर बोलाले नको व्हतं मी बी, त्या टायमाले."

"पाय ठेवतो मी क्लचवर," हे म्हणाले.

"माहीत शे. वास उना तवयच समजनं. चाल, आंघोळ कर."

दोघं एका घंगाळ्यात हात धुवायला बसले. काळे चार हात, एक साबणाचा तुकडा. तो साबण मी महिनाभर पुरवला असता.

आरती झाली, कानबाई बसल्या. पंगतीत ह्यांच्या आणि माझ्या नावाचे रोट वाढले. नानांनी आपला रोट दुधात कुस्करला. ह्यांनी आपला संपवला आणि अक्कांपुढे पुन्हा ताट केलं. "तीन वर्षांचे राहिलेत," म्हणाले.

एकच गोष्ट मला समजत नाही. ह्यांनी दशमी खाता खाता प्लेट बसवली नाही. उपाशी बसवली. मी दिली तेव्हा हात कोरडे होते. मग खोटं का बोलले? आत्यांना विचारलं, तर त्या नुसत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतात.

बुधवार, ५ ऑगस्ट

कानबाईंना परवा पोचवलं. नदीत पाणी नाही, डबक्यावर सोय केली.

रोट पुनवेपर्यंत संपायचे आहेत म्हणून आम्ही इथेच आहोत. गाडीतून काढलेली तुपाची प्लेट नाना भंगारात टाकणार होते. मी अक्कांकरवी निरोप दिला की नैवेद्य घेतलेली वस्तू आहे, भंगारात जाणार नाही. नानांनी ती परत पाठवली. फडक्यात बांधून ठेवली आहे. अजून वास येतो.

दोघं भाऊ दिवसभर उभ्या गाडीत बसतात. नाना शेजारी बसून ह्यांच्या डाव्या पायाला दोरी बांधून ओढतात. "उचल. उचल म्हंतस ना!" इंजिन बंदच असतं.

शनिवार, ८ ऑगस्ट

उद्या पुनव. रोट संपले. सकाळी नाना धुळ्याहून नवी प्लेट घेऊन आले. दुपारी जेवण झालं की दोघं मिळून बसवणार, आणि उद्या राखी झाली की आम्ही निघणार.

नाना प्लेट मला दाखवत नाहीत. अक्का म्हणाल्या, ती त्यांच्या पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे आणि किल्ली नानांच्या कमरेच्या करगोट्याला. स्वयंपाक करताना मी अक्कांना हळूच म्हटलं की मला फक्त दोन मिनिटं हवी आहेत. अक्कांना ठसका लागला.

मी पण विचार केला आहे. मागच्या खेपेला प्लेटने सगळं तूप पिऊन टाकलं आणि सोनगीरच्या चढापर्यंतच पुरवलं. एक वाटी कमीच पडली. कंजूषपणा माझाच. परतीची वाट तेवढीच लांब आहे, वर एरंडोलचा घाट.

अक्कांकडून दोन वाट्या मागून ठेवल्या आहेत. नाना जेवण झाल्यावर अर्धा तास लवंडतात.